बाबांच्या डाव्या कानासाठी

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर माझा धाकटा भाऊ जर्मनीहून घरी आला, तेव्हा त्याच्या पाठीवर एक काळी पेटी होती. पेटीचा आकारच असा, की दिघोरीच्या स्टँडवर उतरल्याबरोबर लोकांनी त्याला थांबवून आत काय आहे ते विचारून घेतलं. घरी आल्यावर त्यानं ती छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, उघडली. आत एक वाद्य. उभा कापलेला अर्धा भोपळा, त्याच्या तोंडावर पातळ फळी, फळीच्या मधोमध कोरलेली गोल जाळी, आणि वर मान. ही मान शेवटाशी एकदम मागे वळलेली, कोणी गुडघ्यावर धरून मोडावी तशी. झालं! जो येईल तो हळहळायला लागला. विमानात मोडलं का, आता दुरुस्त होते का, विमानवाले भरून देत नाहीत का. भाऊ बिचारा प्रत्येकाला समजावून सांगे, की हे असंच असतं, चारशे वर्षांपासून असंच आहे. कुणाला पटत नव्हतं. शेवटी मीच कंटाळून सांगायला लागले, हो, मोडलं, बसा, चहा घ्या.

त्या वाद्याचं नाव ल्यूट. युरोपात फार पूर्वी, राजेरजवाडे आपल्या खोलीत चारदोन माणसांत बसून ऐकत, तेव्हाचं. त्याच्या तारा तारा नसतात, आतड्याच्या असतात, जोडीजोडीनं लावलेल्या. हवा थोडी दमट झाली की उतरतात. त्यामुळे भाऊ जितका वेळ वाजवी तितकाच वेळ खुंट्या पिळत बसे. आणि आवाज इतका बारीक की आमच्या घरचा पंखा सुरू असला तर वाद्य हरलं. गावातल्या लोकांनी विचारलं, गाणार कोण? कोणी नाही. तबल्यावर कोण? कोणी नाही. मग एकटाच? एकटाच. यावर आमच्याकडे माणसं गप्प बसतात, कारण पाहुण्याला वाईट वाटू नये असं वाटतं.

आमच्या घरी वाजवणं होतं. हौसेचं नव्हतं. गावात मोठ्या घरी मौत झाली की आज्याला निरोप यायचा, आणि आजा डफडं गळ्यात अडकवून तिरडीपुढे चालायचा. ताप असो, जेवणावर बसलेला असो, उठायचं. बोलावणं नव्हतं ते, हुकूम होता. मोबदल्यात काय, तर मागच्या दारानं शिळंपाकं. नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि आमच्या मोहल्ल्यानं हे सगळं सोडलं. मेलेली ढोरं ओढणं सोडलं, वाजवणं सोडलं. सगळ्यांनी आपापली डफडी गावच्या बोडीत नेऊन टाकली. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. बाबा तेव्हा चड्डीतले पोर होते. आज्याचं डफडं म्हणजे लाकडाच्या कड्यावर ताणलेलं कातडं, ते काही बुडेना. तरंगत राहिलं. आज्यानं बाबांना सांगितलं, गोटे मार. बाबांनी मारले. प्रत्येक गोट्यानिशी ते डफडं वाजायचं म्हणे. ही गोष्ट बाबांनी आम्हाला एकदाच सांगितली, मी शाळेत मास्तरीण म्हणून लागले त्या दिवशी, आणि पुन्हा विषय काढला नाही.

बाबा पुढे जवाहरनगरला फॅक्टरीत लागले. क्वार्टर मिळालं, आम्ही दोघं तिथंच शिकलो. निवृत्त झाल्यावर ते गावी परत आले. मी तोवर लाखांदूर तालुक्यातच शाळेवर होते, नवरा गेलेला, म्हणून मीही त्यांच्याजवळ राहायला आले. बाबांचा स्वभाव सांगायचा तर एवढंच सांगते, की जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन इतकी वर्षं झाली तरी गोंदियाकडचा कोणी भेटला की ते त्याला आपल्या जिल्ह्यातलाच धरत. एकदा धरलेलं सोडायचं नाही आणि एकदा सोडलेलं धरायचं नाही. यात मधला मार्ग त्यांना माहीतच नव्हता.

अशा माणसाचा मुलगा इंजिनिअर होऊन परदेशात गेला. बाबांनी गावभर पेढे वाटले. आणि तिथं एका थंडीत कुण्या जुन्या चर्चमध्ये त्यानं हे वाद्य ऐकलं, आणि गेला कामातून. आधी शिकायला लागला, मग शिकवायला लागला, मग नोकरी अर्ध्या वेळेची केली. फोनवर त्यानं हे बाबांना सांगितलं, तेव्हा मी शेजारीच उभी होते. बाबा एवढंच बोलले, की माझ्या बापानं सोडलं ते करायला तुला सात समुद्र ओलांडावे लागले का, आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. त्यानंतर चारदा तो घरी येऊन गेला. ल्यूट एकदाही आणली नाही. बाबा त्याच्याशी पिकापाण्याचं बोलत, तब्येतीचं बोलत, हवेचं बोलत. वाजवण्याचं कोणीच काढत नव्हतं. मी दोघांच्या मध्ये बसून भाकरी वाढायचे आणि मनात दोघांनाही शिव्या घालायचे.

मग बाबांचे कान गेले. उजवा आधीच एका तापात गेला होता, आता डावाही चालला. नागपूरच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, की हा असाच उतरत जाणार, मशीननं थोडा फरक पडेल, पण फार आशा ठेवू नका. मशीन आणलं. ते कानात शिट्ट्या मारायचं. बाबांनी आठ दिवस लावलं आणि कपाटात टाकलं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे डाव्या कानाला तोंड लावून ओरडायचं. माझा आवाज शाळेतल्या भिंतीपलीकडे जाणारा, त्यामुळे मला जमायचं. बाकी लोक माझ्याकडे पाहून बोलत आणि मी ते बाबांच्या कानात ओतत असे.

हे मी भावाला फोनवर कळवलं.  तो म्हणाला, बाई, त्यांनी मला एकदा तरी ऐकलं पाहिजे, कान आहे तोवर. मी म्हटलं, ये. आणि या वेळी पेटी घेऊनच ये, मग होऊन जाऊ दे काय व्हायचं ते.

तर तो आला, पेटी उघडली, आणि बाबा उठून आतल्या खोलीत गेले. भांडले नाहीत, रागावले नाहीत, नुसते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ छपरीत बसून वाजवायला लागला, तसे बाबा पायात चपला घालून शेताच्या धुऱ्याकडे निघून गेले. धान कापणीला आलं होतं, तेवढं निमित्त होतं त्यांना. तिसऱ्या दिवशीही तेच. भाऊ मान खाली घालून वाजवत राही. मला राग कुणाचा यायचा ते मलाच कळत नव्हतं.

ऐकायला मात्र एक माणूस यायचं. समोरची मावशी. मावशी म्हणजे नात्यानं कोणी नाही, समोरच्या घरची म्हातारी, बाबांपेक्षाही मोठी, साऱ्या मोहल्ल्याची मावशी. पहिल्या सकाळी ती काठी टेकत आली, आमच्या पायरीवर बसली, आणि भाऊ थांबेपर्यंत उठली नाही. दुसऱ्या दिवशी येताना पान घेऊन आली, म्हणजे मधे उठायला नको. तिचे कान म्हणजे काय सांगावं! गल्लीत कुणाकडे कुणाशी काय बोलणं झालं हे ती आपल्या खाटेवरून ऐकत असे. भावानं तिला विचारलं, कसं वाटतं. ती म्हणाली, धानाच्या बांधीतून बांधीत पानी उतरते ना, तसं हाये, झोप बी येत नाही अन् जाग बी राहत नाही. भाऊ खूश झाला. तिकडे कार्यक्रमानंतर लोक जे बोलतात त्यापेक्षा हे बरं, असं मला म्हणाला.

बाबांना वळवलं तेही मावशीनंच. चौथ्या दिवशी बाबा चपला घालत होते आणि ती पायरीवर बसलेली. तिनं काठी त्यांच्या आडवी धरली. त्यांना खाली बसवलं. डफडी बोडीत टाकली त्या दिवशी तीही काठावर होती, बाबांना हाताला धरून तीच घरी घेऊन आली होती. असा अधिकार दुसऱ्या कुणाला नव्हता. ती त्यांच्या डाव्या कानाशी वाकली आणि तिच्यात होता तेवढा जोर लावून बोलली. गल्लीनं ऐकलं.

"आपण लोकायच्या हुकमावर वाजवणं सोडलं बाबू. आपल्या मनानं वाजवणं थोडी सोडलं? पोट्टा तुह्यासाठी आला इतक्या दुरून. एक डाव ऐक. मंग जाय कुठं जायचं तर."

बाबा चपला पायात तशाच ठेवून बसून राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, की किती वेळ वाजवतो तो. मी ओरडून सांगितलं, तासभर. ते म्हणाले, ठीक आहे, पण इथं घरात चोरून नको. वाजवायचं तर विहारात वाजव, चार लोकांसमोर, ताठ बसून. मी आत जाऊन रडले. आनंदानंच, पण भावाला दिसू दिलं नाही, उगाच तोही सुरू झाला असता.

विहारात कार्यक्रम ठरला आणि मग नवीच अडचण उभी राहिली. हे वाद्य विहारात पुढच्या सतरंजीपर्यंत पोचलं असतं. बाबांच्या डाव्या कानापर्यंत नाही. भावाला माईक मुळीच आवडत नाही, माईकमधून ते वाद्य दुसरंच कुणीतरी होऊन येतं म्हणतो. पण या वेळी त्यानंच विषय काढला. मंडईचे दिवस होते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, नाटकं लागतात, डेकोरेशनवाल्यांना दम घ्यायला फुरसत नसते. मी एकाला गाठलं, त्याची दोन पोरं मी शिकवलेली. त्यानं एका संध्याकाळसाठी स्पीकरचे दोन मोठे डब्बे आणि एक माईक द्यायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान दुसऱ्या गावच्या नाटकाला जायचं होतं, एवढी एकच अट.

आदल्या दिवशी दुपारीच त्यानं सामान आणलं, आणि आम्ही ते विहारात लावून पाहिलं. बाबांना बोलावलं नाही, त्यांनी ऐकायचं तर पहिल्यांदा पुरं ऐकावं, असं भावाचं म्हणणं. मग बाबांच्या जागी मी बसले. दोन्ही कानांत कापूस कोंबला, वरून तळवे दाबले, आणि डब्ब्यापासून हातभर अंतरावर बाबांची खुर्ची ठेवून तिच्यात बसले. भाऊ वाजवी आणि मी मान हलवून नाही म्हणे. डेकोरेशनवाला बटण फिरवी. डब्बे किंचाळत, मग तो घाईनं कमी करी. असं पुष्कळ वेळ चाललं. मग एकदम कापसातून, तळव्यांतून, मला ऐकू आलं. एकेक सूर वेगळा. खाली एक चाल चाललेली आणि तिच्यावर दुसरी, एकाच माणसाच्या दहा बोटांतून. मी हात वर केला. भाऊ थांबला नाही. तो तुकडा शेवटापर्यंत वाजवला आणि मग कितीतरी वेळ हसत राहिला. मावशीही होती तिथं, भिंतीला टेकून. तिनं उद्या आपली खुर्ची बाबांच्या बाजूला ठेवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी गेली. चहा घेतला, खाटेवर पुन्हा आडवी झाली, आणि उठली नाही. सून हलवायला गेली तेव्हा कळलं. तिचं रडणं ऐकून मी धावले. भाऊ तेव्हा छपरीत खुंट्या पिळत होता, संध्याकाळसाठी. त्यानं वाद्य हातातून खाली ठेवलं नाही, नुसता उभा राहिला.

आमच्याकडे गल्लीत मयत असली की कुणाची चूल पेटत नाही, आणि भोंगा, डब्बा, रेडिओ, काही वाजत नाही. मयत उचलली म्हणून लगेच सुरू होतं असंही नाही. तिसरा दिवस होईपर्यंत मोहल्ला गप्प राहतो. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही आणि कुणी मोडतही नाही. भावाला दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. दुपारी नागपूरहून विमान. तिकीट बदलायला त्यानं दिवसभर फोन केले, गच्चीवर जाऊन, रेंज मिळेल तिथं उभा राहून. काही झालं नाही. विहारात ते दोन डब्बे उभे होते, माईक उभा होता, आणि बाबांची खुर्ची मी आदल्या दिवशी ठेवली होती तिथंच होती. तिच्या बाजूला मावशीची.

दुपारनंतर तिला नेलं. विहारापुढे तिरडी क्षणभर टेकवली, सगळ्यांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. भाऊ खांदा द्यायला होता. बाबा काठी धरून पाठीमागून चालत गेले, अगदी शेवटपर्यंत. वाजंत्री अर्थातच नव्हती. आमच्या लोकांच्या मयतीत पावलांचाच आवाज असतो.

दिवस मावळायच्या आधी मावशीचा मुलगा आमच्या घरी आला. आंघोळ करून, डोकं ओलं, तसाच. छपरीत बसला. त्याच्या आवाजात रडण्याचा घोगरेपणा होता. तो जे म्हणाला त्यावर माझा विश्वास बसेना. त्याची आई रात्री त्याला सांगून झोपली होती, की उद्या मले विहारात खुर्चीवर बसवून ने, पाय चालत नाहीत. आता ती तर नाही, पण डब्बे लागलेले आहेत, पोरगा उद्या चाललाय. आमच्या घरून हरकत नाही. मोहल्ल्यातल्या मोठ्या माणसांना मी विचारलं, त्यांचीही नाही. वाजवू द्या. आईच्या नावानं वाजवू द्या.

देवमाणूस म्हणतात तो असाच असावा. भाऊ माझ्याकडे पाहत होता, मी भावाकडे. बाबा खाटेवर बसले होते आणि आमची तोंडं पाहत होते. त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

आता सांगायचं कसं? बाबांना काही सांगायचं म्हणजे ओरडायचं. समोरच्या घरात बाया बसलेल्या, रडणं सुरू, दारं उघडी, गल्ली एवढीशी. त्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडून म्हणू, की कार्यक्रम करा म्हणतात? मी बाबांच्या कानाशी तोंड नेलं आणि जमेल तेवढं दाबून बोलले. त्यांनी विचारलं, काय? मी पुन्हा बोलले. त्यांनी पुन्हा विचारलं, काय? बहिऱ्या माणसाचा स्वतःचा आवाज मोठा असतो, त्यांचा तो "काय" समोरच्या घरात गेला आणि तिथलं रडणं मिनिटभर थांबलं.  मग मी विहाराकडे हात दाखवला, भावाच्या हाताकडे दाखवला, मावशीच्या घराकडे दाखवला. त्यांना कळलं. आणि कळल्याबरोबर त्यांचा चेहरा बंद झाला. तो चेहरा मला लहानपणापासून माहीत होता.

ते मावशीच्या मुलाकडे वळले आणि हात जोडले.

"तुह्या आईचं मन मोठं. पन ती गेली म्हणून वाजवलं, तर ते मयतीचं वाजवणं झालं. ते माह्या बापानं बोडीत टाकलं. मी गोटे मारले त्याले. मयतीवर या घरातून वाजत नाही."

मी सांगू पाहिलं, की बाबा, हे तसं नाही. हा हुकूम नाही. मावशीच तर म्हणाली होती, आपल्या मनानं वाजवणं वेगळं. तिची आवड होती, तिच्या मुलानं हात जोडून मागितलं. हे सगळं माझ्या तोंडात तयार होतं, एकेक शब्द. बाहेर काढायला आवाज पाहिजे होता आणि तोच काढायची सोय नव्हती. इतकी वर्षं मी त्या कानात ओरडत आले, दूध संपलं, गोळी घेतली का, लाईटचं बिल आलं. आणि खरं सांगायची वेळ आली तेव्हा मी हातवारे करत बसले होते. बाबांनी माझ्या हातवाऱ्यांकडे पाहिलंच नाही. मावशीचा मुलगा उठला, त्यांच्या पाया पडला आणि गेला. त्याला वाईट वाटलं की सुटल्यासारखं वाटलं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

भाऊ बाबांवर रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो रागावला नाही. म्हणाला, बाई, यात चुकीचं काय बोलले ते? मी म्हटलं, चुल्ह्यात गेलं बरोबर आणि चूक, तुला वाजवायचं होतं ना? तो म्हणाला, हो, वाजवायचं होतं. 

डेकोरेशनवाला आला. दारात चप्पल काढून माझ्याशी हळू आवाजात बोलला, की मॅडम, आता नाहीच होत तर मी सामान आजच भरून नेतो, सकाळची धावपळ वाचेल. मी मान हलवली. थोड्या वेळानं आमच्या दारावरून त्याची गाडी गेली. त्यात ते दोन डब्बे होते. मी कापूस कोंबून जो आवाज शोधून काढला होता, तो आता दुसऱ्या गावच्या नाटकाला चालला होता. मला इतकी चीड आली, की मी उठून भांडी घासायला घेतली. घासायला भांडीही नव्हती, दिवसभर चूल कुठं पेटली होती.

दिवे लागले. समोरून आमच्यासाठी कुणीतरी दुसऱ्या गल्लीतून आलेला भात-वरणाचा डबा आणून दिला. बाबा जेवले नाहीत. भावानं बॅग भरली. ल्यूट पेटीत ठेवली, झाकण लावलं, आणि पेटी भिंतीला टेकवून ठेवली. बाबा खाटेवरून सगळं पाहत होते. मग त्यांनी त्याला नावानं हाक मारली आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. स्वतः उठले, आत गेले, खिडकी लावून घेतली. भाऊ पेटी घेऊन आत आला, तशी त्यांनी मलाही आत घेतलं आणि दार लोटलं.

ते वाद्य किती बारीक वाजतं हे बाबांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं असणार, दारं-खिडक्या लावल्या म्हणजे बाहेर जाणार नाही, आणि आपण जवळ बसलो म्हणजे आपल्याला ऐकू येईल. बाहेर जाणार नाही हे तर खरंच होतं. मी पंखा बंद केला. बाबा खाटेच्या कडेला बसले, डावा कान पुढे करून. भाऊ समोर स्टुलावर, इतक्या जवळ की वाद्याची मागे वळलेली मान बाबांच्या खांद्याला लागत होती. त्यानं तारा जुळवल्या. घाई केली नाही. मग सुरू केलं.

एका संथ नाचाची चाल होती ती, तो नेहमी तिच्यापासून सुरुवात करतो. मला स्वच्छ ऐकू येत होतं. बोट तारेवरून सरकतं त्याची खरखरही ऐकू येत होती. बाबांनी डोळे मिटले. मी त्यांच्याकडे पाहत होते, फक्त त्यांच्याकडे. थोड्या वेळानं त्यांची मान हलायला लागली, हळूहळू. मग उजव्या हाताची बोटं खाटेच्या लाकडावर पडायला लागली, ठेक्यात. माझा जीव भांड्यात पडला. भावानंही पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर कालचं ते हसू येऊ लागलं. वाटलं, येतंय, ऐकू येतंय, काहीतरी पोचतंय.

चाल संपली. भावानं हात तारांवरून उचलला आणि मांडीवर ठेवला.

बाबांची बोटं चालूच होती. डोळे मिटलेले, मान हलतेय, बोटं लाकडावर पडताहेत. तो ठेका आता नीट दिसला. भावाच्या चालीशी त्याचा काही संबंध नव्हता. दोन जड, एक हलका, मग थांबून पुन्हा दोन जड. हळू चालणाऱ्या माणसांच्या पावलांचा ठेका. मी तो कधी ऐकलेला नव्हता, आमच्या पिढीत कुणी ऐकलेला नाही. पण तो कशाचा आहे हे मला कुणी सांगावं लागलं नाही. भावालाही नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो होतो. त्यांना थांबवायला माझा हात उचलला जाईना.

त्यांनी डोळे उघडले ते आपणहून. समोर भावाचे हात मांडीवर, रिकामे. बाबांनी ते पाहिलं, मग स्वतःची बोटं पाहिली, आणि ती लाकडावरून उचलून घेतली. बरं वाटलं म्हणायला, छान वाजवलं म्हणायला वेळ होता. कुणाही बापानं म्हटलं असतं. बाबांना खोटं बोलता येत नाही, हे आमचं नशीब.

"मले काहीच ऐकू नाही आलं, बाबू."

 बोलून ऐकू जाणार नव्हतं. भावानं फक्त मान हलवली, म्हणजे समजलं, असू द्या. आणि वाद्य पेटीत ठेवायला वाकला. बाबांनी त्याचं मनगट धरलं. हात उलटा केला, दिव्याकडे नेला, बोटं एकेक करून पाहिली, मी वर्गात पोरांची नखं पाहते तशी.

"हात तुह्या आज्याचे हायेत," ते म्हणाले. आवाज मोठा होता, समोरच्या घरात गेला असणार, पण आता मला त्याचं काही वाटलं नाही. "ठेवू नको. वाजव. मी पाहून राहिलो."

भावानं वाद्य पुन्हा मांडीवर घेतलं. विहारात जो ठरला होता तो सगळा कार्यक्रम त्यानं तिथं वाजवला, एकही चाल न गाळता, मधे मधे तारा जुळवत. मी तो ऐकला. बाबांनी तो शेवटपर्यंत पाहिला.